पन्नास रुपयांची पावती

सोमवारी आमच्या तालुक्याच्या कोर्टात 'डीडी'वाल्यांची रांग असते. डीडी म्हणजे ड्रंक अँड ड्राइव्ह. पुकारा होतो, कठड्याशी माणूस येऊन उभा राहतो. "गुन्हा कबूल आहे का?" "कबूल आहे, साहेब." दहा हजार दंड, न भरल्यास इतके दिवस साधी कैद, लायसन्स निलंबित. कधी सोबत 'कोर्ट उठेपर्यंत कैद', म्हणजे संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं. एका माणसाला दोन मिनिटं पुरतात. गुढीपाडवा, गटारी, एकतीस डिसेंबर यांच्या पुढच्या आठवड्यांत रांग जिन्यापर्यंत जाते.

सातारा जिल्ह्यात मी अठरा वर्षं वकिली करते. त्यातली पहिली आठ वर्षं दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं वकीलपत्र मी घेतलंच नाही. माझा चुलतभाऊ गावच्या यात्रेहून मोटारसायकलवर परतत होता, समोरून जीप आली. जीपवाला प्यायलेला होता. भाऊ तेवीस वर्षांचा होता. तेव्हा अशा मृत्यूला भारतीय दंड संहितेचं ३०४-अ लागायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. खटला सहा वर्षं चालला. काका प्रत्येक तारखेला पहिल्या एसटीने यायचे आणि साक्षीदार गैरहजर असल्याचं ऐकून परत जायचे. म्हणून आज जे लिहिते आहे ते दारूड्या ड्रायव्हरबद्दल मवाळ होऊन लिहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत एक बाई ऑफिसात आल्या. पाऊस होता, छत्री दाराबाहेर ठेवायची का आत आणायची एवढं ठरवायलाही त्यांना वेळ लागला. त्या दोघा नवराबायकोंना विचारूनच हे लिहिते आहे. नावं आणि गाव देत नाही. नवऱ्याचा स्वतःचा पिकअप, कर्जावर घेतलेला. कोरेगावकडचं आलं आणि घेवडा भरून रात्री निघायचं, वाशीच्या मार्केटला माल उतरवायचा, सकाळी रिकामी गाडी किंवा मिळेल ते भाडं घेऊन परत. तो दुसऱ्यांदा सापडला होता.

"मॅडम, आता आत टाकतील का त्यांना?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. "टाकू शकतात," म्हटलं.

कायदा असा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल मशीनने दाखवलं की गुन्हा झाला. गाडी नीट चालवत होतात की वाकडी, याचा संबंध नाही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळेला दंड 'दोन हजारांपर्यंत' होता. आता सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. नव्या शब्दांतून 'पर्यंत' गेला, हे वकील सोडून फार कुणाच्या लक्षात येत नाही. दहा हजार म्हणजे दहाच हजार. समोर हमाल आहे की बंगलेवाला, हे बघून रक्कम ठरवायची मुभा मॅजिस्ट्रेटला राहिलेली नाही. हेल्मेट नसलं की रस्त्यावर पावती फाडून मोकळं होता येतं, तसं इथे होत नाही. कलम २०० खाली तडजोड होणाऱ्या गुन्ह्यांत १८५ नाही, कोर्टात यावंच लागतं. आणि दोषी ठरला की कलम २० प्रमाणे किमान सहा महिने लायसन्स अपात्र.

पहिल्या वेळची गोष्ट त्यांनी सांगितली. वाशीला रात्री माल उतरवला, हमालांबरोबर दारू झाली, केबिनमध्ये तीन तास झोप काढली आणि उजाडता उजाडता निघाला. आपण उतरलोय, तोंड धुतलंय, चहा घेतलाय, अशी त्याची खात्री होती. नाकाबंदीत मशीनने ९६ दाखवलं. झोपेने थकवा जातो, पण अल्कोहोल यकृताच्याच गतीने उतरतं, तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम. चहा, लिंबू, गार पाणी, उलटी, कशानेही त्याची घाई होत नाही. मी हे आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला कागदावर बेरीज-वजाबाकी करून दाखवते. दुसऱ्या वेळेला त्याचं रीडिंग १४२ होतं. म्हणजे तीसच्या खाली यायलाच साडेसात तास.

मग बाईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पावती काढली. पहिल्या दंडाची, दहा हजारांची.

"हे भरले कुणी?" मी विचारलं.

"मीच. बचत गटातनं उचलले, दोन टक्क्यानं. वर्षभर फेडत होते."

मी ती पावती बराच वेळ हातात धरून बसले. नाव नवऱ्याचं, शिक्का कोर्टाचा आणि हप्ते बायकोचे. तो म्हणे कोर्टातून बाहेर आला तो हलका होऊन. 'मिटलं' असं म्हणाला. लायसन्स सहा महिने गेलं तेव्हा पिकअपवर रोजाने ड्रायव्हर ठेवावा लागला, त्याची मजुरी आणि गाडीचा हप्ता मिळून घरात काही उरेना, तेही बाईंनी दुसऱ्यांच्या आल्याच्या लागणीला, काढणीला जाऊन भागवलं. शिक्षा झाली होती, यात शंका नाही. ती कोणाला झाली, एवढाच प्रश्न.

आणि तुरुंग? तो आत गेला असता तर हप्ते थकून पिकअप ओढून नेला असता. त्याहून मला दुसरी भीती होती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, कधी फिट येते. त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली करायची ही गोष्ट आहे, कोठडीत करायची नव्हे. आणि तीन-चार महिन्यांनी सुटून आला की तोच पिकअप, तेच मार्केट, तीच रात्र.

मी त्याला भेटायला बोलावलं. बेचाळीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बोलणारा माणूस. "रोज पिता?" तर, "रोज न्हाय, लाईनीवर असलो की." "आठवड्यात लाईन किती दिवस?" "सहा." हे उत्तर देताना त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण मग तो गप्प झाला.

सवयीप्रमाणे आधी कागद तपासले. अटकेची वेळ आणि वैद्यकीय तपासणीची वेळ, कारण कलम २०२ प्रमाणे दोन तासांत तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. मशीनची स्लिप, तिच्यावरची सही, मशीनच्या कॅलिब्रेशनचा दाखला. सगळं चोख होतं. खरं सांगते, त्यात एखादी फट सापडली असती तर मी काय केलं असतं हे मला आजही नीट ठरवता येत नाही. वकील म्हणून ती वापरणं माझं काम होतं. काकांची पुतणी म्हणून मला ते जड गेलं असतं.

फट नव्हती, म्हणून दुसरा रस्ता शोधायला बसले. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात २००५ पासून एक पद्धत आहे, तिच्याबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. दारू पिऊन गाडी चालवताना पुन्हापुन्हा सापडणाऱ्याला तुरुंगात न ठेवता रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येऊन मशीनमध्ये फुंकायला लावतात. प्यायलेला आढळला की लगेच आत, एक-दोन दिवसांसाठी. शिक्षा लहान पण चुकवता न येणारी. न्यू जर्सीत माझी मावसबहीण राहते. तिथे दोषी ठरलेल्यांना वर्गाला बसवतात आणि अनेकांच्या गाडीला असं यंत्र लावतात की फुंकल्याशिवाय इंजिनच चालू होत नाही. तिथली मर्यादा आपल्यापेक्षा सैल आहे, ऐंशी मिलिग्रॅम. मर्यादा आपली कडक, पण माणूस सापडल्यानंतर त्याच्याशी काय करायचं याचा विचार त्यांचा पुढचा. आपल्या देशातही हैदराबादच्या पोलिसांनी कोर्टाआधी समुपदेशनाला बसवायची पद्धत सुरू केली, आणि सापडलेल्याला घरच्या माणसाला बरोबर घेऊन यावं लागतं. घरच्यांना बोलावण्यातलं शहाणपण मला त्या बचत गटाच्या हप्त्यांमुळे कळलं.

पण आमच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे साउथ डकोटा चालत नाही. कलम लागतं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदा आली. मी आशेने पुस्तक उघडलं. मोजक्या सहा गुन्ह्यांना ती आहे. त्यात कलम ३५५ आहे, सार्वजनिक जागी दारू पिऊन धिंगाणा घालणं. म्हणजे स्टँडवर पायी झिंगून गोंधळ घातला तर समाजसेवा मिळू शकते. गाडी चालवली तर नाही, कारण तो दुसरा कायदा.

शेवटी सापडलं ते १९५८ च्या जुन्या कायद्यात. अपराधी परिविक्षा अधिनियम. परिविक्षा म्हणजे प्रोबेशन. हा कायदा आम्ही सगळे परीक्षेपुरता वाचतो. कलम ३ प्रमाणे नुसती समज देऊन सोडायचं तर आधी शिक्षा झालेली नसावी लागते. पण कलम ४ मध्ये ही अट नाही. मृत्युदंड किंवा जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर कोर्ट लगेच शिक्षा न सुनावता, तीन वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर माणसाला सोडू शकतं. त्याच्यावर परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख ठेवू शकतं, ती किमान एक वर्षाची. आणि पोटकलम ४ मध्ये, कोर्टाला कोणकोणत्या अटी घालता येतात ते सांगताना, राहण्याच्या ठिकाणाबरोबर स्पष्ट शब्द आहेत: मादक पदार्थांपासून दूर राहणे. हे वाक्य मी रात्री अकरा वाजता वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी संसदेने हे लिहून ठेवलं होतं आणि आमच्या कोर्टाच्या सोमवारच्या रांगेत ते मी कधी ऐकलं नव्हतं.

गुन्हा कबूल केला आणि अर्ज दिला. त्यात मीच लिहिलं की लायसन्स निलंबित राहावं, त्यावर आमची हरकत नाही. दर आठवड्याला परिविक्षा अधिकाऱ्यांकडे हजेरी, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात उपचार, संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या, सभेला जाणं, आणि बायको जामीनदार.

बाररूममध्ये हे कळल्यावर एक ज्येष्ठ म्हणाले, "निबंध पण लिहून घ्या की." खोलीत हशा झाला. मला हसू आलं नाही, पण ते तसं का म्हणाले हे समजत होतं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला आणि बाल न्याय मंडळाने घातलेल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. त्या तीनशे शब्दांनी महाराष्ट्रात 'तुरुंगाऐवजी दुसरं काही' हा विचारच नासवला. आता पर्याय म्हटलं की लोकांना पैसेवाल्याची पळवाट दिसते. लोकांचा राग खरा होता. माझाही होता. जिथे माणूस मेला तिथे मी परिविक्षेचा अर्ज कधी देणार नाही. तिथे आता न्याय संहितेच्या १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आपण काय करतोय याची जाण ड्रायव्हरला होती असं सिद्ध झालं तर सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधच कायम केला. ते योग्यच झालं.

सरकारी वकिलांनी विरोध केला, आणि चांगला केला. ड्रायव्हरना परिविक्षा देऊ नये असं सांगणारा दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा हा २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांनी वाचला. मी म्हटलं, त्यात मृत्यू झाला होता. इथे नाकाबंदीने तो व्हायच्या आधी माणसाला थांबवलंय, आता त्याला थांबलेलाच ठेवायचा प्रश्न आहे. ते म्हणाले, हा पुन्हा पिणार. मी म्हटलं, शक्यता आहे, म्हणूनच देखरेख मागतेय. दंड भरून गेला तर तो पितो की नाही हे बघायला कुणीच नसेल.

कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला. ते गावात गेले, घरी बसले, शेजारी आणि सरपंचांशी बोलले, बचत गटाची वहीसुद्धा पाहिली. अख्ख्या तालुक्यांचा भार त्या एका माणसाच्या खांद्यावर आहे, मोटारसायकलचं पेट्रोल पुरत नाही, तरी त्यांनी चार पानं हाताने लिहून दिली. फेब्रुवारीत आदेश झाला: एक वर्षाचा मुचलका, मागितलेल्या सगळ्या अटी, आणि लायसन्स जमा.

पहिले दोन महिने तो थरथरत होता. रुग्णालयात दहा दिवस राहिला. मग वाशीची लाईन सोडली, पिकअप भाच्याकडे चालवायला दिला आणि आपल्याच गावच्या आल्याच्या वखारीत पोती भरायला लागला. सभेला सुरुवातीला तो दाराजवळच्या खुर्चीवर बसायचा, एक शब्द बोलायचा नाही. तिथे आलेल्यांत त्याला त्याच लाईनीवरचा एक जुना ड्रायव्हर भेटला, नऊ वर्षं न प्यायलेला. या एका भेटीने जे केलं ते माझ्या अर्जाने केलं असं मी म्हणणार नाही.

बेंदराला तो प्यायला. बैलांची मिरवणूक, भावकी, आग्रह. गाडीला हात लावला नव्हता, पायी घरी आला, पण अट तर मोडली. सकाळी बाईंचा मला फोन. "मॅडम, सायबांना सांगू का नगं?" सांगितलं तर नवरा आत जाईल याची भीती, न सांगितलं तर जामीनदार म्हणून आपली सही खोटी. मी त्यांना काय करा ते सांगितलं नाही, कायदा काय आहे ते सांगितलं. तासाभराने त्यांनी अधिकाऱ्यांना फोन केला. याबद्दल त्यांच्या जावेने त्यांच्याशी तीन महिने अबोला धरला.

कोर्टाने त्याला बोलावलं. कलम ९ प्रमाणे कोर्ट मुचलका रद्द करून मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पहिलीच चूक असेल तर मुचलका चालू ठेवून दंड करू शकतं, जास्तीत जास्त पन्नास रुपये. १९५८ ला लिहिलेले पन्नास अजून पन्नासच आहेत. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी फाईल बाजूला ठेवली आणि त्याला विचारलं, "त्या दिवशी काय झालं?" एवढाच प्रश्न. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला आणि त्यांनी तो लागू दिला. दहा हजारांच्या दिवशी त्याला कुणीही काहीही विचारलं नव्हतं. तो बोलायला लागला, भावाबद्दल, मिरवणुकीबद्दल, पहिला घोट घेताना सभेतला तो जुना ड्रायव्हर डोळ्यांपुढे आल्याबद्दल, आणि मध्येच थांबला. सरकारी वकील टेबलाकडे बघत होते.

पन्नास रुपये दंड. त्याने खिशातून वखारीच्या मजुरीतली नोट काढली आणि खिडकीवर स्वतः जाऊन भरली.

वर्ष पुरं झालं. मधल्या काळात माझ्या तीन अशिलांसाठी असे अर्ज दिले. एक मंजूर झाला, एक फेटाळला, एक अशील दोन महिन्यांतच अटी मोडून गायब झाला आणि त्याचं वॉरंट निघालं. तो पुन्हा सापडेल तेव्हा त्याचं वकीलपत्र मी घेणार नाही, हे मी त्याच्या घरच्यांना सांगून ठेवलंय. काकांना मी हे सगळं सांगितलं. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "त्या जीपवाल्याला त्याआधी कुणी धरलं होतं का गं कधी?" मला माहीत नव्हतं. त्या खटल्याचे कागद मी कधी स्वतः वाचले नव्हते. या महिन्यात रेकॉर्ड रूममध्ये अर्ज दिला आहे.

गेल्या बुधवारी ती दोघं ऑफिसात आली होती, आल्याची पिशवी घेऊन. लायसन्स परत मिळण्याची तारीख त्याला विचारायची होती. मी तारीख सांगितली. तो म्हणाला, "काढून ठेवतो. पर लाईन नगं. गावातच ट्रॅक्टर चालवीन, दिवसा." बाई काही बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा तोच कागद काढला. आत दोन्ही पावत्या होत्या. "ही जपून ठेवू का मॅडम, लागंल का कधी?" पन्नासची पावती वर करून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठेवा.